लॅबचं पिल्लू घ्यायचंय, नर की मादी? (फ्लॅट, पाथर्डी फाटा)

फ्लॅट_२०४
नमस्कार मंडळी. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ दुसऱ्या मजल्यावर टू बीएचके आहे, लिफ्ट आहे. घरात आम्ही दोघं (दोघंही नोकरीला, ९ ते ६), ७१ वर्षांचे सासरे, सासूबाई आणि ९ वर्षांचा मुलगा. लॅब्रॅडॉर घ्यायचं पक्कं झालंय, घोडं अडलंय ते नर की मादी यावर. विकणारा नराचे पैसे जास्त सांगतोय आणि वर म्हणतो, "मॅडम, मादी नका घेऊ, डोक्याला ताप." शेजारी म्हणतात मादीच घ्या, नर उंडारतो. चेअरमन म्हणतात मादी आणली की अख्ख्या रोडची कुत्री गेटवर बसतील. सासूबाईंना काळजी पाळीच्या दिवसांची, कारण देवघर हॉलमध्येच आहे.

फिरवण्याचं काम मुख्यतः सासऱ्यांकडे. पिल्लं काढायची नाहीत हे नक्की. "दोन्ही चांगले" असं नका सांगू प्लीज, आमच्या घराला काय बरं पडेल ते सांगा.

शेपूटवाले_काका
ताई, विकणाऱ्याचं सोडा. नराला गिऱ्हाईक जास्त म्हणून नराचा भाव जास्त, त्यात दुसरं काही नाही. तुमच्या प्रश्नाच्या आधी एक प्रश्न येतो: नसबंदीचं ऑपरेशन करणार का? करणार असाल तर तुमच्या घराला मादी. काही झालं तरी करणारच नसाल तर नर. "मादी मायाळू, नर तापट" यावर फार जाऊ नका. एकाच वेतातल्या दोन पिल्लांच्या स्वभावात जेवढं अंतर असतं, तेवढं नर आणि मादी म्हणून नसतं.

मादी का, तर सासरे. वाढलेला लॅब नर साधारण २९ ते ३६ किलो भरतो, मादी २५ ते ३२. कागदावर फरक किरकोळ आहे, पण सर्व्हिस रोडवर मांजर आडवं गेलं की चार-पाच किलो खांद्याला कळतात. दुसरं म्हणजे नर एका जागी मोकळा होत नाही. खांब, झाड, स्कूटरचं चाक, सगळीकडे थोडी थोडी सोडतो आणि पुढच्या खांबासाठी राखून ठेवतो. मादी बहुतेक वेळा दोन-तीनदा बसून मोकळी होते. जुलैत पाऊस कोसळत असताना आणि सासऱ्यांच्या एका हातात छत्री असताना याचं मोल समजेल. सोसायटीतली निम्मी भांडणंही त्या स्कूटरच्या चाकावरूनच होतात. (काही माद्या पण पाय वर करतात, तेवढं धरून चाला.)

नर-मादी काहीही घ्या, पट्टा ५-६ फुटांचा साधा घ्या आणि हार्नेस असा घ्या की कडी पाठीवर नाही तर छातीवर येते. पाठीवर कडी असली की कुत्रा बैलासारखा अंग टाकून ओढतो. छातीवर असली तर ओढल्यावर त्याचं तोंड आपल्याकडेच वळतं. सासऱ्यांना पट्टा मनगटाला गुंडाळू देऊ नका, ज्येष्ठ माणसं हमखास पडतात ती त्यानेच.

आता हीट, म्हणजे माजावर येणं. लॅब मादी पहिल्यांदा बहुधा ८ ते १२ महिन्यांच्या आसपास येते, पुढे साधारण दर ६ महिन्यांनी. सगळा प्रकार दोन ते तीन आठवड्यांचा. इथे लोकांचा एक मोठा गैरसमज आहे. बाईची पाळी आणि कुत्रीचं रक्त एक नव्हे. कुत्रीत आधी रक्त येतं आणि अंडी नंतर सुटतात. सुरुवातीचे साधारण ९ दिवस सूज आणि लाल स्राव असतो. नर मागे लागतात पण ती त्यांना जवळ येऊ देत नाही, खाली बसते नाहीतर गुरगुरते. मग स्राव फिका होतो, गवताच्या काडीच्या रंगावर येतो, सूज जरा मऊ पडते आणि पाठीच्या शेवटाला हात लावला की ती शेपूट एका बाजूला करते. घरचे म्हणतात "झालं, थांबलं रक्त" आणि मोकळी सोडतात. गाभण राहायचे दिवस नेमके तिथून सुरू होतात. म्हणून पहिला थेंब दिसला त्या दिवसावर कॅलेंडरमध्ये गोल करा आणि तिथून पूर्ण २४ दिवस पट्ट्याशिवाय दाराबाहेर नाही.

काही लॅब माद्या स्वतःला इतक्या चाटून साफ ठेवतात की पहिला थेंब कळतच नाही. ७ महिन्यांनंतर आठवड्यातून दोनदा पांढरा टिश्यू टेकवून बघा.

सासूबाईंना सांगा, थेंबभर डाग पडतो, सडा पडत नाही. तरी ते तीन आठवडे हॉलच्या दाराला लहान मुलांचं फाटक लावा, तिला एका खोलीत धुता येणाऱ्या चादरीवर ठेवा. कुत्र्यांचे डायपर मिळतात, पण ३-४ तासांनी बदलायचे आणि रात्री काढायचे, नाहीतर खाली पुरळ उठतं. डायपर म्हणजे कुलूप नव्हे, नर ते ओढून काढतो. आणि ऑपरेशन झालं की हे सगळं कायमचं संपलं, चेअरमनसाहेबांची काळजी पण.

गंगापूररोड_वॉकर
काकांचं बरंचसं पटलं, पण "ऑपरेशन नाही तर नर" हे वाक्य असंच उचलून कोणी घरी नेऊ नका. न कापलेला नर म्हणजे बिनखर्चाचा कुत्रा नव्हे.

सहा ते नऊ महिन्यांत तो वयात येतो. घरात पहिली धार सहसा सोफ्याच्या कोपऱ्यावर नाहीतर नव्या आणलेल्या पिशवीवर. तेव्हा ओरडू नका. ओरडा खाल्लेला कुत्रा लघवी सोडत नाही, तुमच्या नकळत पलंगाखाली करायला शिकतो. फिनाईलने वास आपल्यापुरता दबतो, त्याच्या नाकाला तो तिथेच असतो. अमोनियावाल्या क्लीनरचा वास तर लघवीच्या जवळचा, त्यामुळे तो तिथेच पुन्हा मारतो. एन्झाइमचं क्लीनर घ्या, जागा नीट ओली करा, १०-१५ मिनिटं राहू द्या, मग पुसा. लगेच पुसलं तर एन्झाइमला काम करायला वेळच मिळत नाही.

मग भाद्रपद. आपल्याकडे म्हण उगाच पडलेली नाही. रस्त्यावरच्या बऱ्याच माद्या पावसाच्या शेवटाला माजावर येतात आणि गणपती ते पितृपक्ष या दिवसांत घरचा नर खाणं सोडतो, दारापाशी रडतो, उघडं दार दिसलं की सुटतो. त्यात ढोल-ताशे आणि फटाके. हरवलेल्या कुत्र्यांच्या पोस्टी याच दिवसांत का वाढतात ते कळलं असेल. गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर कोरलेला बिल्ला नर-मादी दोघांनाही हवाच.

सुटलेला नर काय घेऊन येतो तेही ऐका. मारामारीच्या जखमा, रेबीजची धास्ती आणि टीव्हीटी, म्हणजे गुप्तांगावर होणारी कॅन्सरची गाठ. हा शेवटचा प्रकार आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांत भरपूर आहे. समागमातून, चाटण्या-हुंगण्यातून पसरणारी ही गाठ, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी, सहज रक्त येणारी. नराची ती कातडीच्या आत दडते, बाहेर फक्त टपकणारं रक्त दिसतं आणि लोक लघवीचं इन्फेक्शन म्हणून महिनाभर गोळ्या देत बसतात. मादीचं तर आणखी फसवं, हीट संपली तरी रक्त थांबत नाही म्हणून घरचे वाट बघतात. २४-२५ दिवसांपुढे लाल दिसलं तर थेट डॉक्टर. चांगली गोष्ट अशी की व्हिन्क्रिस्टिनच्या इंजेक्शनने, आठवड्याला एक अशा साधारण ४ ते ६ डोसांत, बहुतेक वेळा पूर्ण बरी होते. अर्धवट सोडायची नाही मात्र.

म्हाताऱ्या नराला प्रोस्टेट सुजतं. मग शौचाला कुंथतो, विष्ठा चपटी येते.

आणि उशीवर, पाहुण्यांच्या पायावर चढणं हे दर वेळी "तसलं" नसतं. पाहुणे आले, अंगात आलं, की ऑपरेशन झालेली मादीसुद्धा चढते. लक्ष दुसरीकडे वळवा, विषय संपला.

फ्लॅट_२०४
खूप धन्यवाद दोघांनाही. काका, ऑपरेशन करायची तयारी आहे. पण कधी? कोणी म्हणतं सहाव्या महिन्यात, कोणी म्हणतं एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत नाहीतर कुत्री आजारी पडते. विकणारा म्हणाला ऑपरेशन नको, हीट पुढे ढकलायचं इंजेक्शन मिळतं. आणि ऑपरेशननंतर सुस्त आणि जाड होते म्हणतात, ते खरं का?

टाके_आणि_पट्टी
ताई, ते इंजेक्शन नको. त्यात प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन असतं, त्याने गर्भाशयाचं अस्तर जाड होतं आणि पुढे पायोमेट्राला वाट मोकळी होते. पायोमेट्रा म्हणजे गर्भाशयात पू. ऑपरेशन न झालेल्या मध्यमवयीन आणि म्हाताऱ्या माद्यांत हीटनंतर साधारण दोन ते आठ आठवड्यांत होतो. कुत्री अचानक खूप पाणी प्यायला लागते, खात नाही, ओकते, कधी खालून घाण वासाचा स्राव. ज्यात स्राव दिसतो तो प्रकार त्यातल्या त्यात बरा. तोंड बंद राहिलं तर पू आतच साठतो, पोट फुगतं, आणि घरच्यांना वाटतं वजन वाढलं. त्यात रात्रीच्या रात्री पोट उघडावं लागतं, तेही आजारी जनावराचं. ठरवून केलेल्या ऑपरेशनपेक्षा खर्च आणि धोका दोन्ही कितीतरी जास्त. काकांनी मादी आणि ऑपरेशन एकत्र बांधलं ते यासाठीच.

"एकदा पिल्लं होऊ द्या" याला काही आधार नाही. उलट, जितक्या हीट जास्त जातात तितका स्तनाच्या गाठींचा धोका वाढतो. पहिल्या हीटच्या आधी ऑपरेशन झालं तर तो सगळ्यात कमी.

मग लगेच सहाव्या महिन्यात का नाही? छोट्या जातीत, म्हणजे २० किलोच्या आत राहणाऱ्या कुत्र्यांत, तसंच करतात. लॅब मोठी जात. हाडांची वाढ थांबायला हार्मोन लागतात, फार लवकर काढले तर हाडं जरा जास्त लांब वाढतात आणि गुडघ्या-कोपराचे त्रास वाढू शकतात. मोठ्या माद्यांत आणखी एक गोष्ट, ऑपरेशननंतर काहींची झोपेत लघवी गळते. औषधाने आटोक्यात येते, पण माहीत असलेलं बरं. म्हणून लॅब मादीला ५ ते १५ महिने हा काळ धरतात आणि त्यात डॉक्टरशी बोलून ठरवतात. मला विचाराल तर घर, देवघर, दोघं कामावर हे सगळं धरूनही एक हीट जाऊ द्या आणि ती संपल्यावर २ ते ३ महिन्यांनी करा. हीट चालू असताना मुळीच नको, रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, रक्त जास्त जातं. संपल्या संपल्याही नको, कारण तेव्हा खोट्या गर्भारपणाचा काळ असतो. कुत्री खेळणी गोळा करून कुशीत घेते, सडांना दूध येतं. तेव्हा कापलं तर ती अवस्था लांबते. (दूध आलं तर पिळू नका, पिळलं की आणखी येतं.) नर लॅब घेतलात तर ९ ते १५ महिने, आणि ऑपरेशननंतरही ४ ते ६ आठवडे माजावरच्या मादीपासून लांब ठेवा. आत उरलेलं वीर्य तेवढे दिवस काम करू शकतं.

ऑपरेशनआधी रक्त तपासून घ्या आणि त्यात प्लेटलेट बघायला सांगाच. आपल्याकडे पावसाळ्यात गोचीड भरमसाट. गोचीडतापात प्लेटलेट उतरतात, वरून कुत्री ठणठणीत दिसते आणि टेबलावर रक्त थांबत नाही. आदल्या रात्री हलकं खाणं, मग ८ तास उपाशी, पाणी सकाळपर्यंत चालेल, नेमके तास डॉक्टर सांगतील तेच पाळा. घरी आल्यावर गळ्यात शंकू १० ते १४ दिवस, "आज बरी दिसते" म्हणून काढायचा नाही. एका रात्रीत चाटून टाके उघडतात. रोज सकाळी उजेडात पोट बघा. कडा एकमेकींना चिकटलेल्या, कोरड्या, किंचित गुलाबी असतील तर ठीक. ओलसर चकाकी, वास किंवा लिंबाएवढी मऊ सूज दिसली तर त्याच दिवशी दाखवा. अंघोळ, जिना, सोफ्यावर उडी सगळं बंद. लॅबला सोफ्यावरून थांबवणं हेच खरं ऑपरेशन.

जाड होते हे खरं, पण ऑपरेशनमुळे आपोआप नाही. शरीराची गरज साधारण २० ते ३० टक्क्यांनी कमी होते आणि घरचे वाटी तीच ठेवतात. टाके निघाले की खाणं मोजून कमी करा, दर महिन्याला वजन. सासूबाईंच्या हातची पोळी त्या हिशेबात धरा. लॅब नाही म्हणत नाही.

मळेकरी_दिंडोरी
घुसतोय जरा. मळ्यावर आधी ४ वर्षांचा नर आहे, देशी, ऑपरेशन नाही. राखणीला दुसरा हवाय. नर आणू की मादी? आणि दोन भावंडं एकदम आणली तर?

शेपूटवाले_काका
दादा, नर आहे तर मादी आणा. नर-मादीची जोडी बहुतेक वेळा सगळ्यात सोपी जमते. नर-नर भांडले तर आवाज जास्त, जखमा कमी. मादी-मादी एकदा बिनसल्या की मात्र खरंच फाडतात आणि विसरत नाहीत. पण आधी नराचं ऑपरेशन उरका, मादी वयात यायच्या आत, आणि ते चार-सहा आठवडे धरूनच. भिंतीपलीकडे ठेवू, लक्ष ठेवू, हे मळ्यावर चालत नाही. जोड लागली, म्हणजे समागमात दोघं एकमेकांना अडकली, तर ओढाताण करू नका, पाणी ओतू नका. ५ ते ३० मिनिटं आपसूक सुटते, ओढलं तर दोघांनाही इजा. नंतर दोन दिवसांत डॉक्टर. लगेच "पाडायचं" हार्मोनचं इंजेक्शन द्या म्हणू नका, जुन्या इस्ट्रोजेनच्या इंजेक्शनने पायोमेट्रा आणि रक्ताचे आजार होतात. २५ दिवसांनंतर सोनोग्राफीत गाभण आहे का ते दिसतं. दिवस ६३ भरतात. भाद्रपदातली जोड म्हणजे पिल्लं थंडीच्या तोंडावर, आणि आपल्याकडची थंडी तुम्हाला सांगायला नको.

दोन भावंडं एकदम नको. ती एकमेकांचं ऐकतात, तुमचं नाही.

आणि ऑपरेशनने राखण कमी होत नाही. भुंकणं, हद्द सांभाळणं तसंच राहतं, भटकणं कमी होतं. जो कुत्रा भीतीने चावतो तो ऑपरेशनने सुधारत नाही, तेही सांगून ठेवतो. द्राक्षाच्या हंगामात खाली पडलेले मणी उचलून घ्या. द्राक्ष आणि बेदाणा दोन्ही कुत्र्याच्या किडनीला विष. किती खाल्ले तर चालतील असा भरवशाचा आकडा नाही. खाल्लेलं दिसलं तर उलटीची वाट न बघता दोन तासांच्या आत डॉक्टरकडे.

मळेकरी_दिंडोरी
मणी माहीत नव्हतं राव. आमचा तर वेलाखालीच झोपतो. नराचं ऑपरेशन आधी उरकतो.

फ्लॅट_२०४
मादी ठरली. सासूबाईंनी फाटकाच्या बोलीवर हो म्हटलं. शेवटचं एक: विकणारा ४० दिवसांचं पिल्लू आत्ता घेऊन जा म्हणतोय, फोटो पाठवलाय, मादी आहे म्हणतो. फोटोवरून मला काहीच कळत नाही.

गंगापूररोड_वॉकर
४० दिवसांचं घेऊ नका. २०१७ च्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांप्रमाणे ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. नियम बाजूला ठेवला तरी सहा ते आठ आठवड्यांत पिल्लू भावंडांकडून दात किती जोरात लावायचे ते शिकतं. ते राहिलं तर तुमच्या मुलाच्या हातावर शिकेल.

फोटोवर जाऊ नका, स्वतः जा आणि आईसकट बघा. पिल्लाला मांडीवर उताणं धरा, मानेखाली हात. बेंबीच्या थोडं खाली, पोटावरच केसांचं छोटं टोक आणि भोक दिसलं तर नर. पोट सपाट असेल आणि मागच्या पायांच्या मधे, गुदाच्या खाली, पानाच्या आकाराची छोटी घडी असेल तर मादी. सड दोघांनाही असतात, ते दाखवून "बघा मादी" म्हणणारे असतात. त्या घडीभोवती ओलं, लाल किंवा पिवळट काही दिसलं तर डॉक्टरला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

कोणी नर घेत असेल तर आठ आठवड्यांच्या पिल्लाच्या पिशवीत वाटाण्याएवढ्या दोन गोळ्या हाताला लागल्या पाहिजेत. एकच लागली तर सहा महिन्यांपर्यंत वाट बघतात. तोवर उतरली नाही तर पोटात राहिलेली काढावीच लागते, पुढे तिथे गाठ होते. तो खर्च किमतीतून कमी करून मागा.

आणि लसीचं पुस्तक हातात घेऊन बघा, बाटलीवरचं लेबल चिकटवलेलं असतं आणि खाली डॉक्टरची सही असते. नुसता तारखेचा शिक्का म्हणजे काही नाही. रेबीजची लस १२ आठवड्यांनंतर, तो दाखला जपून ठेवा, महापालिकेच्या परवान्याला लागतो. चेअरमननी परत विषय काढला तर परवान्याची झेरॉक्स द्या आणि सांगा, सोसायटीला बहुमताने ठराव करूनसुद्धा कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, भारतीय पशू कल्याण मंडळाच्या सूचनाच तशा आहेत. लिफ्टमध्ये पट्टा आखूड धरा आणि खिशात पिशवी ठेवा, मग ते विषय काढणारही नाहीत.

फ्लॅट_२०४
आत्ताच फोनवर विचारलं, आई दाखवा म्हणून. म्हणाला आई "गावाला" आहे. दुसरीकडे बघते.